१ सप्टेंबर १९४० चं भाडं

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

घरांच्या किमती उतरणार अशी कुणकुण लागली, की मुंबई-ठाण्याकडच्या एकाच घरात दोन तोंडांची माणसं दिसू लागतात. ज्याला घर घ्यायचंय तो मुलगा खूश होतो. ज्यानं वीस वर्षं हप्ते फेडून घर घेतलंय तो बाप कपाळाला हात लावतो. किमती पडाव्यात की पडू नयेत, यावर या दोघांचं एकमत होणं कठीणच. इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला मात्र तिसराच प्रश्न पडतो. किमती पडल्या होत्या, त्या वेळी सरकारनं काय ठरवलं? कारण पडलेल्या किमती आज ना उद्या चढतात. पण त्या पडझडीत केलेला नियम मागे राहतो. ज्या परिस्थितीसाठी तो केला ती सरून जाते आणि नियम मात्र ठाण मांडून बसतो. मुंबईत असा एक नियम जवळजवळ साठ वर्षं बसून होता. त्या नियमाची आणि त्याच्या पोटातल्या एका तारखेची गोष्ट आज सांगायची आहे. तारीख आहे १ सप्टेंबर १९४०. शाळेच्या पुस्तकात ती सापडणार नाही. पण गिरगावातल्या, लालबागमधल्या, भुलेश्वरातल्या हजारो कुटुंबांचं आयुष्य या तारखेनं ठरवलं.

आधी थोडं मागे जाऊ. मुंबईत जमिनीच्या किमती आपटण्याची पहिली मोठी घटना १८६५ ची. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा इतका आला, की तो ठेवायचा कुठे हा प्रश्न पडला. मग समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. प्रेमचंद रायचंद हे या खेळातलं सर्वांत मोठं नाव. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस गडगडला आणि तोच शेअर दोन हजारांच्याही खाली आला. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८ लाख १६ हजार भरली होती. १८७२ च्या गणतीत ती ६ लाख ४४ हजार भरली. पोटासाठी आलेली माणसं पोटासाठीच परत गेली.

पण या पडझडीतून एक गोष्ट नीट झाली. एल्फिन्स्टन कंपनीनं पूर्व किनाऱ्यावर भराव घालून काढलेली जमीन आणि गोद्या सरकारनं १८७० साली विकत घेतल्या आणि १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन केला. सट्ट्याच्या पैशातून निघालेली जमीन सार्वजनिक मालकीची झाली. पडत्या काळात सरकारनं केलेलं हे एक दूरदर्शी काम म्हणावं लागेल.

दुसरा धक्का प्लेगचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला आणि पुढच्या पाच-सहा महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई गावाकडे पळाली. चाळीच्या चाळी ओस पडल्या. दाटीवाटीची, अंधारी घरं हेच रोगाचं मूळ, असं सरकारच्या मनानं घेतलं आणि १८९८ च्या कायद्यानं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. प्रिन्सेस स्ट्रीट, सॅंडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते त्यानं काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. आज हिंदू कॉलनीतल्या झाडांच्या सावलीतून आपण चालतो, ते या ट्रस्टचं देणं आहे. पण रस्ते काढण्यासाठी ज्यांच्या खोल्या पाडल्या, त्यांना दादरला बंगलीवजा घर परवडणारं नव्हतं. ते शेजारच्या चाळीत शिरले आणि तिथली गर्दी वाढली. एकीकडची गर्दी मोडायची आणि ती दुसरीकडे साचू द्यायची, ही आपली जुनी खोड आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पहिल्या महायुद्धात गिरण्यांनी अमाप नफा कमावला, माणसं लोंढ्यानं आली आणि भाडी भडकली. १९१८ साली मुंबईला पहिला भाडेनियंत्रण कायदा मिळाला. तो तात्पुरता होता, युद्धाच्या परिस्थितीपुरता, आणि विसाच्या दशकाच्या अखेरीस तो खरोखरच आटोपला. हे लक्षात ठेवा. पुढे याचं काम आहे.

१९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. आपण ज्याला बीडीडी म्हणतो ते हेच. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या, असा बेत होता. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवला. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे सिमेंट-काँक्रीटच्या चाळी उभ्या राहू लागल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक.

आणि खोल्या तयार होईतो तेजी ओसरली होती. १९२२-२३ पासून गिरण्यांना मंदीनं गाठलं. युद्धकाळातल्या चढ्या दरानं बांधलेल्या खोलीचं भाडं कामगाराच्या पगारात बसेना. शिवाय वरळी तेव्हा आडबाजूला होती. पहाटेच्या पाळीला परळ-लालबागला पोचायचं कसं? तेव्हा एक विचित्र चित्र दिसू लागलं. लालबागच्या खासगी चाळीतल्या एका खोलीत दहा-दहा, बारा-बारा माणसं पाळीपाळीनं झोपताहेत, आणि वरळीला सरकारी खोल्या रिकाम्या पडल्या आहेत. भाडं उतरवलं तरी त्या भरेनात. शेवटी ५० हजारांचा बेत २०७ चाळी आणि १६ हजारांवर खोल्यांपाशी थांबला. १९३० च्या सत्याग्रहात तुरुंग अपुरे पडले, तेव्हा सरकारनं याच रिकाम्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांत सत्याग्रही राहायला गेले!

लॉइड साहेबांच्या दुसऱ्या योजनेची, बॅक बेच्या भरावाची, गतही फार वेगळी नव्हती. खर्च बेसुमार वाढला, जमिनीला गिऱ्हाईक राहिलं नाही. वीर नरिमन यांनी या कारभारावर इतकी कडक टीका केली, की हार्वे या अधिकाऱ्यानं त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. १९२८ मध्ये नरिमन त्यातून निर्दोष सुटले.

मग आली १९२९ नंतरची जागतिक मंदी. शेतमालाचे भाव कोसळले, अनेक गिरण्यांना टाळी लागली. १९२१ ते १९३१ या दहा वर्षांत मुंबईची लोकसंख्या वाढण्याऐवजी ११ लाख ७५ हजारांवरून ११ लाख ६१ हजारांवर आली. आजच्या मुंबईकराला हे खरं वाटणार नाही. पण याच मंदीत बांधकाम मात्र स्वस्त झालं. व्याजाचे दर उतरले. १९३५ साली रिझर्व्ह बँक स्थापन झाली आणि वर्ष संपायच्या आत तिचा बँक रेट ३ टक्क्यांवर आला. गिरणीच्या शेअरांत हात पोळलेल्या पैसेवाल्यांना विटा-सिमेंटात पैसा घालणं अधिक भरवशाचं वाटू लागलं. मरीन ड्राइव्हवरच्या, ओव्हलसमोरच्या, शिवाजी पार्क आणि माटुंग्याच्या त्या गोल गच्च्यांच्या इमारती या काळातल्या. त्यांतल्या ओव्हल आणि मरीन ड्राइव्हवरच्या इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या बांधल्या गेल्या तेव्हा दारावर ‘टू लेट’च्या पाट्या लटकत असत आणि घरमालक भाडेकरूची मनधरणी करत असे. हे सांगताना जुन्या पिढीच्या डोळ्यांत एक चमक यायची, ती मी पाहिली आहे.

म्हणजे १९३९-४० ची मुंबई कशी होती? खोल्या होत्या, भाडी उतरलेली होती. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. वर्षभर महागाईचा भडका उडाला नव्हता. तो पुढे उडाला. १९४२ नंतर लष्कर, गोदी, कारखाने यांच्यामुळे माणसांचा पूर आला. पाठोपाठ फाळणीचे निर्वासित आले. घरमालकांनी याचा फायदा उठवायला सुरुवात केली, तेव्हा भाडेकरूला वाचवणं भाग होतं. युद्धकाळातल्या कायद्यांचा धागा पुढे नेत मुंबई भाडेनियंत्रण कायदा, १९४७ आला. त्यात ‘प्रमाणित भाडं’ म्हणजे काय, हे सांगितलं होतं. १ सप्टेंबर १९४० रोजी त्या जागेचं जे भाडं होतं, ते प्रमाणित भाडं. त्यानंतरच्या जागेचं पहिल्यांदा जे ठरलं ते.

इथे थांबून विचार करा. मंदीनं खाली ओढलेलं भाडं कायद्यानं तिथेच खिळवून ठेवलं. त्या वेळी यात काही चूक नव्हती. कायदा १९५० पर्यंतचाच होता. तोवर घरं बांधली जातील, गर्दी कमी होईल आणि कायदा आपोआप संपेल, जसा पहिल्या युद्धानंतरचा संपला, असाच हिशेब होता. पण गर्दी कमी झाली नाही. मग मुदत वाढवली. पुन्हा वाढवली. पुन्हा पुन्हा वाढवली. मुदतवाढ देताना १९४० हा आकडा बदलावा, असं कोणत्याही सरकारला वाटलं नाही. वाटलं असेल तरी धीर झाला नाही, कारण भाडेकरूंची मतं घरमालकांच्या मतांच्या कैक पट होती.

याचा परिणाम साध्या अंकगणितानं पाहू. समजा, चाळीस खोल्यांची चाळ आहे आणि खोलीचं भाडं दहा रुपये. मालकाला महिन्याला चारशे रुपये मिळतात. १९४० साली त्यात झाडूवाला, दुरुस्ती, दर दोन-तीन वर्षांनी चुना, सगळं भागून चार पैसे उरत. १९६५ साली त्यात गच्चीची गळतीसुद्धा बुजेना. मालकानं मग चाळीकडे पाठ फिरवली. लाकडी तुळया कुजल्या, जिने हलू लागले. दर पावसाळ्यात इमारती कोसळून माणसं दगावू लागली, तेव्हा १९६९ मध्ये सरकारनं दुरुस्ती मंडळाचा कायदा केला आणि दुरुस्तीसाठी उपकर बसवला. अशा उपकरप्राप्त इमारती होत्या सुमारे १९ हजार ६०० आणि त्यांतल्या १६ हजारांहून अधिक ‘अ’ वर्गातल्या. ‘अ’ वर्ग म्हणजे कोणत्या? १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या! ज्या तारखेनं भाडी गोठवली, तीच तारीख इमारतीच्या म्हातारपणाचं माप झाली.

भाडं कायद्यानं थांबलं, पण जागेची किंमत थोडीच थांबते? ती मागल्या दारानं आली. तिचं नाव पागडी. १९४७ च्या कायद्यात पागडी घेणं हा गुन्हा होता, आणि तरी पागडीशिवाय खोली मिळणं अशक्य होतं. भाडेपावती ही दागिन्यासारखी जपायची वस्तू झाली. पावतीवर नाव कुणाचं, यावरून सख्ख्या भावांत कोर्टकचेऱ्या झाल्या. पुढे १९७३ साली आणखी एक दुरुस्ती आली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे ‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहत होते, ते सगळे भाडेकरू ठरले. ज्यांना हक्क मिळाला त्यांचं भलं झालं. पण ज्यांच्याकडे रिकामी जागा होती, त्यांनी धडा घेतला: कुलूप लावू, पण भाड्यानं देणार नाही. शहरात घर शोधणारे फिरत राहिले आणि बंद ब्लॉकांच्या खिडक्यांवर धूळ साचत राहिली. वरळीच्या रिकाम्या खोल्यांची गोष्ट पुन्हा घडली, कारण फक्त वेगळं होतं.

भाड्यासाठी इमारत बांधणं हा धंदाच बंद पडला. त्याची जागा ‘ओनरशिप’नं घेतली. १९६३ मध्ये ओनरशिप फ्लॅटचा कायदा झाला, १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी काढून नोकरदाराला कर्जाची वाट दाखवली. पण ज्याच्याकडे सुरुवातीची रक्कमच नाही, त्याचं काय? त्याच्या वाट्याला झोपडी आली. दरम्यान १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्यानं मोकळी जमीनही अडकून पडली. महाराष्ट्रात तो २००७ मध्ये रद्द झाला.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, की भाडेनियंत्रण हीच सगळ्या दुखण्याची मुळी. मी तसं म्हणणार नाही. एक उदाहरण देतो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. घरातली भांडी विकली, दागिने गहाण पडले, मुलांच्या शाळा सुटल्या. पण लालबाग-परळची हजारो कुटुंबं रस्त्यावर आली नाहीत, कारण खोलीचं भाडं काही रुपयांतच होतं. बाजारभावानं भाडं भरायचं असतं तर गिरणगाव दोन-तीन महिन्यांत रिकामा झाला असता. गणपती, नाट्यमंडळं, व्यायामशाळा, ग्रंथालयं, मध्य मुंबईतलं हे सगळं मराठी जग त्या गोठलेल्या भाड्याच्या आधारावर टिकलं. ज्यांनी त्या कायद्याचा लाभ घेतला ते लबाड नव्हते. त्यांना दुसरा आसराच नव्हता.

दोष कायद्याच्या हेतूत नव्हता. दोष होता तो न बदलण्याच्या हट्टात. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नेमकं हेच सांगितलं: एके काळी न्याय्य असलेली तरतूद काळ बदलल्यावर अन्यायकारक होऊ शकते, आणि प्रमाणित भाडं त्याच पातळीवर गोठवून ठेवणं आता अवाजवी आहे. त्यानंतर नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा झाला. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यानं पागडीला कायद्याची मान्यता दिली, सुरुवातीला ५ टक्के आणि पुढे दरवर्षी ४ टक्के भाडेवाढ करायला परवानगी दिली. पण आपल्या त्या दहा रुपयांच्या खोलीचं गणित पुन्हा करून बघा. चक्रवाढीनं धरलं तरी पंचवीस वर्षांत भाडं होतं साधारण २८ रुपये. त्यात चाळीची एक तुळईही बदलत नाही. उशिरा आलेला उपाय हा असा अपुराच असतो.

आता जवळच्या पडझडीकडे पाहू. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर मुंबईत जागांचे भाव असे उसळले, की १९९५ च्या सुमारास नरिमन पॉइंटच्या कचेऱ्या जगातल्या सर्वांत महागड्या जागांत गणल्या जाऊ लागल्या. नंतर पैशाची टंचाई, मग १९९७ चं आशियाई संकट. भाव उतरले ते २००३ पर्यंत सावरले नाहीत. या वेळी सरकारनं काय केलं? गृहकर्जाच्या व्याजावरची आयकर सवलत १९९९ मध्ये ७५ हजार, २००० मध्ये एक लाख आणि २००१ मध्ये दीड लाखापर्यंत नेली. व्याजाचे दर नव्वदीतल्या पंधरा-सोळा टक्क्यांवरून आठ टक्क्यांपर्यंत आले. त्या सात-आठ वर्षांत ज्या नोकरदारांनी डोंबिवलीला, बोरिवलीला, ठाण्याला घर घेतलं, त्यांना संधी मिळाली, हे खरंच. पण नंतर भाव पुन्हा वर गेले तरी सवलत राहिली, आणि तेजीत अशी सवलत खरेदीदाराच्या खिशातून बिल्डरच्या किमतीत मुरायला वेळ लागत नाही. शिवाय या सगळ्यात भाड्यानं राहणारा, हंगामी नोकरी करणारा, ज्याला बँक दारात उभी करत नाही असा माणूस कुठे होता? १९२५ मध्येही तो नव्हता, २००१ मध्येही नाही. किमती पडल्या म्हणजे गरिबाला घर मिळतं, हा समज या शंभर-सव्वाशे वर्षांत एकदाही खरा ठरलेला नाही. ज्या मंदीनं किमती पडतात, तीच मंदी त्याची नोकरीही घेऊन जाते.

म्हणून मला वाटतं, किमती उतरल्या की चढल्या यावर हर्ष-खेद करण्यापेक्षा त्या वेळी होणाऱ्या नियमांकडे बारकाईनं पाहावं. नियम कुणासाठी आहे, त्याचा खर्च कोण उचलणार आहे, आणि तो पुन्हा तपासायची तारीख त्यात लिहिली आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. भाडेकरूला संरक्षण हवंच. पण त्याचा भार एकट्या घरमालकावर टाकला, तर शेवटी छप्पर भाडेकरूच्याच डोक्यावर कोसळतं. भाडं दर काही वर्षांनी महागाईच्या मापानं थोडं थोडं बदलत राहिलं असतं, तर १९४७ चा कायदा आजही लोकांनी दुव्यानं आठवला असता.

त्यांतल्या वरळी, नायगाव आणि डिलाइल रोडच्या बीडीडी चाळींचं पुनर्वसन २०१७ मध्ये सुरू झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ज्या खोल्यांना एके काळी भाडेकरू मिळत नव्हता, त्यांच्या जागेवर आता शहरातले सर्वांत महागडे मनोरे उभे राहत आहेत. नव्या घरात गेलेल्यांचं मनापासून अभिनंदन करावं. पण उंच इमारतीची लिफ्ट, पाणी, देखभाल यांचा महिन्याचा खर्च या कुटुंबांना कायम झेपेल का, हा प्रश्न आजच विचारायला हवा. १६० चौरस फुटांची खोली कामगाराच्या पगारात बसते का, हा प्रश्न १९२० मध्ये चाळी बांधण्याआधी विचारायचा राहून गेला होता.